घरात काही नाही, जेवायला या

"अक्का, शनवारले सांजले जेवाले या. नानालेबी लई या. घरमा काहीच नही शे."

हे वाक्य मी या कानांनी ऐकलं. मेथी निवडत होते, हातातली जुडी हातातच राहिली. शेजारी राहायला येऊन जेमतेम महिना झालेला माणूस मधल्या भिंतीवरून हसतमुखाने जेवायला बोलावतो आणि त्याच दमात घरात काहीच नाही असंही सांगतो. आता यातलं कुठलं खरं धरायचं?

"काहीच नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे काहीच नही. बठ्ठा डबा खाली." आणि घरात आंब्याची पेटी येऊन पडल्यासारखे डोळे मोठे करून, "या बरं का, अक्का. वाट पाहसूत."

मी आत जाऊन नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे यजमान. एसटीत कारकून होते, आता निवृत्त आहेत आणि कशानेही हादरत नाहीत. आमच्या घरात हादरण्याचं खातं पूर्णपणे माझ्याकडे आहे.

"बोलावलंय ना? मग जाऊ," नाना म्हणाले.

"अहो, पण घरात काही नाही म्हणतोय!"

"मग लवकर परत येऊ."

हा आमचा शेजारी भटू. तिशी ओलांडलेला, काटकुळा, बोलताना दोन्ही हात हवेत. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात वेल्डिंग करतो. मूळचा भडगाव तालुक्यातला. बायको सुरेखा एरंडोलची, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. मुलगी चिमी पहिलीत, मुलगा गोलू बालवाडीत. भटूचा पगार आठवड्याचा. तो रविवारी सकाळी हातात येतो आणि दुपारपर्यंत त्याचा किराणा आणि भाजी होऊन घरी येतो. त्यामुळे रविवारी संध्याकाळी या घराचा थाट बघण्यासारखा असतो. बुधवारपर्यंत भाज्या टिकतात, गुरुवारी वरण पातळ होतं, शुक्रवारी ते आणखी पातळ होतं आणि शनिवारी डब्यात चमचा घातला की टणकन वाजतो. शहाणी माणसं पाहुण्यांना रविवारी बोलावतील. भटू शनिवारी बोलावतो. दर शनिवारी, कुणाला ना कुणाला.

मी काही रिकाम्या हाताने जाणारी बाई नाही. जळगावचं माहेर आहे माझं. पिशवीत तूरडाळ, शेंगदाणे, गुळाची ढेप आणि डझनभर केळी भरली. निघताना नानांना म्हटलंसुद्धा, "कळलं का आता? पाहुण्यांनी शिधा आणावा म्हणून ही युक्ती आहे."

भटूचं दार सताड उघडं होतं, ते मिटू नये म्हणून खाली वीट लावलेली. तो उंबऱ्यातच उभा होता. "हाई काय, अक्का?" म्हणत त्याने पिशवी उघडली, गुळाचा वास घेतला, "भलता मस्त गूळ शे," असं मनापासून सांगितलं आणि पिशवी परत माझ्या हातात दिली. "आते घर ठेईसन या."

माझा सगळा तर्क उंबऱ्यातच आडवा झाला होता. नाना गुपचूप पिशवी घरी ठेवून आले.

आत ओट्यावर डबे ओळीने मांडलेले. झाकणं काढून, पुसून, तोंडं आमच्याकडे करून. लोक नवीन फ्रिज दाखवतात तसा भटू ते डबे दाखवत होता. "हाऊ ज्वारीना. हाऊ दाळना. हाऊ तिखटना, याना वास ल्या." मी चक्क रिकाम्या डब्याचा वास घेतला. का घेतला ते मला आजतागायत कळलेलं नाही. सुरेखा भिंतीकडे तोंड करून कांदा चिरत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

स्वयंपाक भटूने केला. शनिवारचा स्वयंपाक तोच करतो. ज्वारी, बाजरी, बेसन, तांदळाचं पीठ, जे काही डब्यांच्या कोपऱ्यांत अडकून राहिलं होतं ते सगळं एका परातीत झटकलं. त्यात कांदा, तिखट, मीठ घालून त्याने लहान लहान गोळे वळले. मग तेलाच्या रिकाम्या बरणीत गरम पाणी ओतलं, झाकण लावून खळाखळा हलवलं आणि ते पाणी भाजलेल्या कांद्याच्या वाटणात ओतलं. मी तोंडावर पदर धरला. बरणी धुतलेलं पाणी! पाहुण्यांना!

"याले आम्ही डबाझाड म्हंतस," भटू म्हणाला. उकळत्या रश्शात गोळे टाकले, गोलूने टाळ्या वाजवल्या.

आणि काय सांगू, ते चविष्ट होतं. नुसतं चविष्ट नाही, नाकातून पाणी काढणारं, बोटं चाटायला लावणारं. नानांनी तीनदा घेतलं. माझ्या हातचं आजवर कधी तीनदा घेतलेलं नाही. दोघं पोरं फुरके मारत होती आणि भटू प्रत्येकाच्या वाटीकडे बघत विचारत होता, "काय कमी शे का?" कुणी उत्तर द्यायच्या आत तोच म्हणायचा, "बठ्ठं शे ना!"

हे त्याचं पेटंट वाक्य. बठ्ठं शे ना. सगळं आहे ना. मीठ कमी पडलं तरी, लाइट गेली तरी, छप्पर गळून गादी भिजली तरी बठ्ठं शे ना.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर बाजारात गेले. पुन्हा कधी जाणार नाही असं त्या दिवशीच ठरवलं. भटूला साबूत वस्तू दिसतच नाही. तो तांदळाच्या दुकानात जाऊन कणी मागतो. बेकरीत जाऊन विचारतो, "तुटेल काय शे?" म्हणजे तुटलेली बिस्किटं. केळीवाल्याकडे घडातून निसटलेली सुटी केळी, भाजीवाल्याकडे फुटलेले टोमॅटो. फ्लॉवरवाल्या बाईने ढीगभर पाला कापून बाजूला टाकला होता, भटू त्यापुढे उकिडवा बसला आणि कोथिंबीर निवडावी तसं एकेक पान निवडून त्याचा भाव विचारू लागला. ती बाई म्हणाली, "न्या फुकट, पण आधी दुकानासमोरून उठा." तर हा म्हणतो, फुकट नको, भाव सांगा. दोघांची चांगलीच जुंपली. ती पैसे घेईना, हा पाला सोडेना. ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून मी लांब उभी राहून कांद्याचे भाव वाचत होते.

"भटू, निदान बिस्किटं तरी चांगली घे रे पोरांना," मी परत येताना म्हटलं.

"अक्का, साबूत बिस्किटबी दातखाले तुटसच ना?"



त्या फ्लॉवरच्या पानांची भाजी त्याने आम्हाला वाटीभर पाठवली. रविवारची भाजी तो पाठवतो, पण जेवायला बोलावत नाही. बोलावणं फक्त शनिवारचं.

आणि बोलावणं कुणालाही. चिमीच्या बाई येऊन गेल्या. कारखान्यातला रंगारी येऊन गेला. चुकीचा पत्ता घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला त्याने पार्सलसकट आत बसवलं आणि डबाझाड खाऊ घातलं. तो बिचारा हातात पार्सल धरून जेवत होता. हे सगळं मी भिंतीवरून बघायचे आणि दर वेळी नव्याने हादरायचे. मला वाटायचं, एव्हाना सवय व्हायला हवी होती. झाली नाही.

कहर झाला तो सासऱ्यांच्या वेळी. सुरेखाचे वडील एरंडोलहून पहिल्यांदाच लेकीच्या या घरी आले. आले शुक्रवारी. सुरेखाने माझ्याकडून वाटीभर तूप आणि रवा नेला होता, शिरा करायचा म्हणून. शनिवारी संध्याकाळी भटू कामावरून आला, त्याने रवा-तूप माझ्याकडे परत आणून दिलं, डबे पुसले, ओळीने मांडले आणि सासऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. "आबा, हाऊ ज्वारीना..."

आबा उठले. न जेवता उठले. चपला घालताना मोठ्याने म्हणाले, "पोरगी दिली ती रिकामे डबे बघायला नाही दिली." आणि शेवटच्या बसने एरंडोलला परत गेले. त्यानंतर त्यांचा फोन सुरेखाला येतो, जावयाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुरेखा माझ्याकडे येऊन रडली. "अक्का, कमी आहे त्याचं मला काही नाही. मी भागवते. पण जे झाकायचं तेच हा माणूस दारात मांडतो. लोक रविवारी बोलावतात ना? बोलवा ना रविवारी! विचारलं तर सांगत नाही. नुसतं बठ्ठं शे, बठ्ठं शे."

मी तावातावाने भटूला गाठलं. म्हटलं, "अरे, बायकोचा जीव खाली-वर होतो. तिच्या बापासमोर तरी हा तमाशा नको होता."

तो पहिल्यांदाच हसला नाही. हातातला पाना फिरवत राहिला. "त्यास्ले वाईट वाटनं, ते मालेबी वाईट वाटनं, अक्का. पन शनवारले दार उघडंच राही." बस.

मग त्या कारखान्याच्या मालकाच्या घरी भावाभावांत वाटण्या निघाल्या आणि एक दिवस कारखान्यालाच कुलूप लागलं. भटू रोज सकाळी डबा घेऊन जायचा, कुलूप बघून परत यायचा. पहिला रविवार पगाराविना गेला. तरी त्या आठवड्याच्या शनिवारी आम्हाला आमंत्रण होतंच. डबाझाड पातळ होतं, गोळे सुपारीएवढे होते आणि भटूने स्वतःच्या वाटीत रस्साच घेतला, पण दार उघडं होतं.

दुसरा रविवारही तसाच गेला. मधल्या दिवसांत तो घरांना रंग द्यायच्या कामाला जातो म्हणत होता, पण हाताला रंग दिसत नव्हता. मी गुपचूप सुरेखाला पीठ देऊ केलं. ती म्हणाली, "यांना कळलं तर रागावतील," आणि पदराखाली वाटीभर घेऊन गेली.

त्या शनिवारी आमंत्रण आलंच नाही. नाना सात वाजल्यापासून हात धुऊन बसले होते. "विसरला असेल," म्हणाले. मी भिंतीवरून पाहिलं. दार बंद होतं. वीट बाजूला पडली होती. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता, म्हणजे माणसं घरातच होती.

मी पिशवी भरली. पीठ, डाळ, बटाटे, तेलाची पिशवी. जाऊन दार वाजवलं. आतून काही नाही. दोन लहान पोरांच्या घरात एवढी शांतता कधी असते का? गोलू खोकला आणि तो खोकला कुणीतरी मधेच दाबला.

"भटू, मी आहे."

काही नाही.

पुन्हा एकदा वाजवलं. मग मात्र मला अवघडल्यासारखं झालं. लोकांनी दार लावून घेतलं असेल तर त्यांची मर्जी, आपण कोण उघडायला लावणारे? मी पायरीवरून उतरून मागे वळले. तेवढ्यात नाना आले. बनियन, लेंगा, पायात एक माझी आणि एक त्यांची चप्पल. मला बाजूला सारलं आणि दारावर तळहाताने दणादण मारत गल्ली हादरेल अशा आवाजात ओरडले, "भटू! वाढ लवकर! भूक लागलीय!"

संसाराची इतकी वर्षं झाली, या माणसाचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या.

कडी हळूच निघाली. दार उघडलं चिमीने. टाचा उंच करून ती कडीला लटकली होती, चेहरा पांढरा पडला होता, आणि ती आमच्याकडे न बघता मागे वडिलांकडे बघत होती. आपलं चुकलं का, ते बघत होती. भटू समोरच्या भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याची नजर आमच्यावर नव्हतीच. ती चिमीच्या त्या कडीवरच्या हातावर होती. भूत बघावं तसा तो बघत होता.

नाना आत जाऊन पाटावर बसले. मी पिशवी सुरेखाच्या हातात दिली. तिने ती घेतली. भटूने काय आणलं ते विचारलं नाही, वास घेतला नाही, परत कर म्हणाला नाही. सुरेखाने भाकरी टाकल्या, मी बटाट्याचा रस्सा केला. सगळे जेवलो. भटूही जेवला.

पोरं आडवी झाल्यावर तो बोलला. आमच्याशीच बोलला असं नाही, सुरेखालाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

भटूचे वडील तो लहान असतानाच गेलेले. आई मजुरी करायची. घरातलं संपलं की त्या दिवशी आई तिन्हीसांजेला दार लावून घ्यायची. पोरांना सांगायची, आवाज करायचा नाही. लोकांना कळता कामा नये. "भूकनं काही वाटे नही, अक्का. भूक ते बठ्ठास्ले लागस. पन दार लागनं का माले वाटे, आते आम्ही मरनूत. गावमा सांज व्हयेल, लोके बोली राहिनात, हसी राहिनात, आनि आम्ही मधमा बठेल, उंदीरनागत."

एकदा अशाच दिवशी दार वाजलं. त्याची मावशी होती. त्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने हाका मारल्या. भटू, ए भटू. आईने मान हलवून नको म्हणून खुणावलं. दाराजवळ भटू होता. त्याने कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पलीकडून ढकलली तरी उघडू नये म्हणून. मावशी थोडा वेळ उभी राहिली. फटीतून तिचं लुगडं दिसत होतं. मग गेली. "ती काहीतरी लई उनी व्हती, अक्का. भाकर राही, नहीतं गूळ राही. ते मी आजबी इचार करस, काय व्हतं तिना हातमा? आनि मी कडी धरी उभा व्हतू."

सुरेखा उठली आणि दार सताड उघडं करून वीट लावून आली. बाहेर समोरच्या बाई अजून गॅलरीत होत्या, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

पुढे वाटण्या मिटल्या, कारखाना धाकट्या भावाकडे गेला आणि भटूला काम परत मिळालं. पहिला पगार हातात आला त्या रविवारी त्याने काय करावं? किराण्याच्या दोन पिशव्या भरल्या, त्यातली एक घरी टाकली, दुसरी खांद्याला लावली, पोरांना आणि सुरेखाला घेतलं आणि सरळ भडगावची बस पकडली. मावशी अजून गावात आहे, थकली आहे, एकटीच असते. तिला विचारायचं, त्या दिवशी काय आणलं होतंस? एवढ्यासाठी चार तिकिटं! मी पुन्हा हादरले. नाना म्हणाले, "बरं केलं."

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी बाहेरच्या ओट्यावर धान्य पाखडत होते. पोरं पेंगुळलेली, सुरेखा त्यांना घेऊन आत गेली. भटू भिंतीपाशी उभा राहिला. नेहमीसारखे हात हवेत नव्हते.

"काय रे, आठवलं का मावशीला?"

"आठवनं."

"मग? काय आणलं होतं तिने?"

"काहीच नही." त्याने खांद्यावरची रिकामी पिशवी भिंतीवर ठेवली. "मन्ही मावशी हसनी. म्हने, मन्हा घरमा तरी काय व्हतं, भटू? मीच तुम्हनाकडे जेवाले येल व्हती."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. तो भिंतीच्या वरच्या विटेवर नख घासत राहिला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करसू? चूल पेटाडी. पिशीमा व्हतं ते बठ्ठं रांधं." त्याने आमच्या अंगणाकडे बघितलं, पण त्याला ते दिसत नव्हतं. "भलती हळू जेवस ती, अक्का. मी वाढत गऊ, वाढत गऊ. तिनी एकदाबी पुरे म्हनं नही."